सेंद्रिय शेतीवर गाय : किती, कशी आणि कशासाठी?



सेंद्रिय शेतीवर भाषण झाले की पत्रांतून एक प्रश्न हमखास येतो. "रासायनिक खत बंद केले. आता गाय कोणती घेऊ?" तुळिंजच्या एका शेतकरी बंधूंनीही हेच विचारले आहे. इमारतींच्या मधोमध त्यांची एकरभर भातजमीन उरली आहे, बाजूला थोडा भाजीपाला आहे, आणि साठवलेल्या पैशांतून त्यांना गाय घ्यायची आहे. आमचे उत्तर त्यांना कदाचित रुचणार नाही. गाय नंतर घ्या, आधी चारा मोजा.

असे सांगण्याचे कारण आहे. दिवाळीनंतर पेंढा भरपूर दिसतो, त्या भरात गाय घरी येते. मार्च-एप्रिलमध्ये पेंढा संपतो. मग विकतची वैरण सुरू होते, ती परवडेनाशी झाली की मे महिन्यात गाय घेतली त्याच्या निम्म्या भावात निघते. पैसा गेला, खत नाही ते नाहीच. ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याला हा फटका दोन-तीन वर्षे सावरू देत नाही.

गाय खत तयार करीत नाही, फिरवते

ही गोष्ट आधी नीट समजून घेऊ या. गाय ही खताचा कारखाना आहे असे आपण सहज बोलून जातो. पण गाईच्या पोटात नत्र, स्फुरद, पालाश नव्याने तयार होत नाही. चाऱ्यातून जे आत गेले त्यातलेच बाहेर येते. खाल्लेल्या नत्राचा साधारण तीन-चतुर्थांश भाग शेण आणि मूत्रावाटे परत मिळतो, बाकीचा दुधात आणि अंगात जातो. म्हणजे तुमच्याच शेतातला पेंढा खाऊन गाईने शेण दिले, तर तुमच्याच शेताचे तुम्हाला परत मिळाले. मग गाईचा फायदा काय? फायदा असा की कडक पेंढा चार-सहा महिन्यांऐवजी दोन-तीन दिवसांत मऊ होऊन, जिवाणूंनी भरून बाहेर येतो. शिवाय बांधावरचे गवत, शेवरीचा पाला, केळीची पाने असे जे पीक नव्हे तेही शेतात येते. जमिनीची सुपीकता खरोखर वाढते ती या बाहेरून आलेल्या पाल्यामुळे आणि विकत घेतलेल्या पेंडीमुळे. पेंड घेतली म्हणजे काही अंशी खतच विकत घेतले असे समजा.

आता हिशेब पाहा. अडीचशे ते तीनशे किलो वजनाच्या देशी गाईला रोज सुमारे साडेसहा किलो शुष्क पदार्थ लागतो. तो ५ किलो पेंढा आणि १० किलो हिरव्या चाऱ्यातून मिळतो. रोज ५ किलो म्हणजे वर्षाला १८ क्विंटल पेंढा झाला. आपल्याकडे एकरी १० ते १२ क्विंटल भात पिकले तर पेंढा १२ ते १५ क्विंटल निघतो, त्यातलाही काही भिजतो, काही पायाखाली जातो. म्हणजे एका एकराच्या पेंढ्यावर एक गाय वर्षभर निघत नाही, आठ-नऊ महिने निघते. हिरव्या चाऱ्यासाठी संकरित नेपियर लावले आणि उन्हाळ्यात पाणी असेल तर गुंठ्याला वर्षाला टनभर चारा धरावा. एका गाईला चार गुंठे लागतील.

आता उलट बाजूने पाहू. अशी गाय रोज सुमारे १० किलो शेण देते. चरताना पडलेले सोडून, अंथरूण-पाचोळा मिसळून कुजवले तर वर्षाला दोन-अडीच टन चांगले शेणखत हाती येते. भाताला एकरी चार टन खत द्यावे अशी शिफारस आहे, भाजीपाल्याला याच्या दुप्पट. म्हणजे एका गाईच्या खतात भाताचे अर्धा एकर किंवा भाजीचे दहा-बारा गुंठे भागतात.

दोन्ही हिशेब एकत्र ठेवले की उत्तर मिळते. एकरामागे एक जनावर, तेही बांधावर चाऱ्याची झाडे असतील तर. एकराला तीन गाई ठेवणारा माणूस शेतकरी नसून गोठेवाला होतो. त्यात गैर काही नाही, पण त्याने वैरणीचा खर्च दुधावर टाकला पाहिजे, भातावर नव्हे. आणि गाय ठेवणे जमतच नसेल तर नाडेप टाके आहेच. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत दिली, त्यांच्या नावावरूनच तिला नाडेप म्हणतात. शंभर किलो शेण, चौदाशे-पंधराशे किलो काडीकचरा आणि सुमारे सतराशे किलो कोरडी माती यांच्या थरांतून तीन-चार महिन्यांत जवळजवळ तीन टन खत मिळते. शंभर किलो शेण शेजाऱ्याकडूनही मिळेल. त्यासाठी गाय कशाला बांधायची?

निम्मा ऐवज नाल्यात

आता ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांच्यासाठी. शेण आपण वेचतो, पण मूत्राकडे बघत नाही. जनावर जो नत्र बाहेर टाकते त्याचा साधारण निम्मा भाग मूत्रात असतो, पालाशाचा तर निम्म्याहून अधिक. स्फुरद मात्र बहुतेक सगळा शेणात. साध्या चाऱ्यावरच्या एका गाईच्या वर्षभराच्या मूत्रात सुमारे दहा किलो नत्र धरला तर तो अर्ध्या युरियाच्या पोत्याइतका झाला. बहुतेक गोठ्यांत तो जमिनीत मुरतो किंवा पावसाबरोबर गटारात जातो.

इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूरला संशोधन केले. कंपोस्टची इंदूर पद्धत त्यांचीच. त्यात एक साधी गोष्ट होती. जनावरांच्या पायाखाली कोरडी माती पसरायची, मूत्र तिच्यात मुरू द्यायचे आणि ती माती काढून कंपोस्टच्या थरांत घालायची. कोबा नको, टाकी नको.

आपल्याकडे अडचण पावसाची. पालघर जिल्ह्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैमध्ये कोरडी माती आणायची कुठून? ती मे महिन्यातच भरून ठेवावी लागते. गोठ्याच्या एका कोपऱ्यात फळ्या लावून कोरडी माती, भातगिरणीचे तूस, आंब्या-फणसाचा वाळका पाला साठवा. लाकडाचा भुसा चालेल, पण प्लायवूडच्या कारखान्यातला नको, त्यात डिंकाची रसायने असतात. रोज सकाळी ओले काढायचे, नवे पसरायचे. एका जनावरामागे रोज दोन-तीन किलो अंथरूण पुरते. गोठाही कोरडा राहतो आणि खुरे सडत नाहीत. कोबा असेल तर मागच्या बाजूला थोडा उतार आणि नाली काढून मूत्र झाकलेल्या मडक्यात किंवा पिंपात घ्या. उघडे ठेवले तर नत्र वायुरूपाने उडून जातो. तो उग्र वास म्हणजे आपले खतच उडत असते.

खड्ड्याबद्दल एक सूचना. देशावरच्या पुस्तकांत खताचा खड्डा सांगितलेला असतो. आपल्या सखल जमिनीत पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, खत सडते आणि सत्त्व वाहून जाते. पावसाळ्यात उंच ओट्यावर ढीग करा, वर पेंढ्याचे किंवा प्लास्टिक कापडाचे छप्पर घाला. दिवाळीनंतर खड्डा वापरायला हरकत नाही.

राबाचे काय?

हा विषय काढला की काही मंडळी नाराज होतात, तरी काढतोच. भाताच्या रोपवाटिकेसाठी शेण, पाला, फांद्या, गवत पसरून राब भाजण्याची कोकणात जुनी चाल आहे. तण मरते आणि रोप जोमदार येते हा अनुभव खोटा नाही. पण त्यात शेणातला नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो, उरते ती राख, तिच्यात पालाश असतो. दोन-तीन महिन्यांचे शेण अशा रीतीने जाळायचे आणि जुलैमध्ये खत नाही म्हणायचे, हे सेंद्रिय शेतकऱ्याला परवडणारे नाही. त्याऐवजी गादीवाफे करा, कुजलेले शेणखत घाला, बी विरळ टाका. तणासाठी पहिल्या सरीनंतर उगवलेले तण एकदा मोडून मग पेरा. सगळा राब एकदम सोडवत नसेल तर यंदा अर्ध्या रोपवाटिकेत करून पाहा आणि दोन्हीकडची रोपे शेजारी ठेवून बघा.

वैरण : काय चालते, काय चालत नाही

नुसत्या पेंढ्यावर जनावर जगते, पण पोसत नाही. पेंढ्यात प्रथिने तीन-चार टक्केच असतात. रासायनिक शेतीत पेंढ्यावर युरियाचे पाणी शिंपडून तो मुरवतात. पद्धत चांगली आहे, पण सेंद्रिय शेतीत जनावराला युरिया देण्यास मनाई आहे. आपण पेंढा कापून, पाण्याने ओला करून, थोडे मीठ शिंपडून द्यावा आणि प्रथिने पाल्यातून द्यावीत. शेवरी, सुबाभूळ, गिरिपुष्प ही झाडे बांधावर लावा. रोज दोन-तीन किलो पाला पुरे. सुबाभूळ हिरव्या चाऱ्याच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त नको. गिरिपुष्पाचा पाला वासामुळे जनावर सुरुवातीला तोंडात घेत नाही, तो अर्धा दिवस सुकवून द्यावा. क्षार मिश्रण रोज द्या, कारण पेंढ्यातील घटकांमुळे अंगातील कॅल्शियम कमी पडते.

वसईच्या वाड्यांत केळी आहेतच. पाने आणि खुंट जनावरे आवडीने खातात. खुंट म्हणजे बहुतांशी पाणी हे लक्षात ठेवून तो चिरून पेंढ्यात मिसळा. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. फवारलेल्या वाडीतली पाने किंवा मंडईतला टाकलेला भाजीपाला मात्र आणू नये.

पेंडीबद्दल सांगण्याजोगी गोष्ट अशी. महाराष्ट्रात दूधवाल्याची आवडती पेंड म्हणजे सरकी. पण बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली आणि आज बाजारातली सरकी बहुतेक त्याच कापसाची असते. जनुकबदल केलेल्या पिकापासूनचे खाद्य सेंद्रिय नियमांत बसत नाही. तेव्हा प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर शेंगदाणा, तीळ किंवा खोबऱ्याची पेंड, तूर-हरभऱ्याची चुणी आणि तांदळाचा कोंडा यांवर भागवा. बाहेरचे खाद्य किती चालते ते प्रमाणीकरण संस्थेला किंवा आपल्या गटाला आधी विचारा. पीजीएस पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो आणि गटातले लोकच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात. त्यामुळे प्रश्न विचारायला लांब जावे लागत नाही. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात बुरसटते. बुरशीचे विष गाईच्या दुधात उतरते आणि उकळूनही जात नाही. बुरशी आलेली पेंड जनावराला नाहीच घालायची, मग ती कितीही महागाची असो.

तुळिंजसारख्या ठिकाणी आणखी तीन धोके आहेत. पहिला प्लास्टिकचा. मोकळी सोडलेली गाय कचऱ्यापाशी जाते, पिशवीसकट शिळे अन्न खाते. ती पिशवी पोटात साठत जाते. त्याबरोबर तार-खिळाही जातो, तो जाळीपोटातून पुढे हृदयापर्यंत टोचू शकतो. दुसरा धोका लग्नाच्या हॉलमधल्या उरलेल्या भाताचा. पुण्य म्हणून कोणी टोपलीभर भात-पुऱ्या घालतो, आणि रात्रीत पोटात आम्ल वाढून जनावर आडवे होते. हे आपल्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. तिसरा नाल्याकाठच्या गवताचा. ते बारमाही हिरवेगार दिसते, पण सांडपाण्यावर आणि कारखान्यांच्या पाण्यावर वाढलेले असते. त्यापेक्षा पूर्वेकडून, भाताणे, मेढे, पारोळ या बाजूच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून न फवारलेल्या रानाचे सुके गवत हंगामात भरून ठेवावे.

कोणती गाय घ्यावी हा मूळ प्रश्न आता सोपा होतो. खत आणि घरापुरते दूध हवे असेल तर पावसात टिकणारी लहान गाय बरी. डांगी जनावर सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तयार झाले आहे. कोकण कपिला ही आपल्याकडचीच, लहान चणीची आणि कमी वैरणीवर भागणारी. दूध दोन्हींचे बेताचेच. रोज आठ-दहा लिटर दूध विकायचे असेल तर संकरित गाय किंवा म्हैस लागेल, मग तेवढा खुराकही लागेल. शेण फक्त देशी गाईचेच चालते असे काही जण सांगतात. बैलाचे, म्हशीचे शेणही तितकेच खत आहे, आमचे मत स्पष्ट आहे. आणि हो, महानगरपालिका हद्दीत नवा गोठा करण्यापूर्वी पालिकेकडे परवानगीची चौकशी करा.

जीवामृताविषयी

दोनशे लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर मूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन, हे प्रमाण आता सर्वांना पाठ आहे. अमरावतीकडच्या सुभाष पाळेकरांनी त्याचा प्रसार केला. ते वापरू नका असे आम्ही म्हणत नाही. जिवाणूंना चालना मिळते, पाचोळा लवकर कुजतो. पण त्या पिंपात सगळा मिळून नत्र दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो, आणि दहा क्विंटल भाताचे पीक पेंढ्यासह जमिनीतून १५ ते २० किलो नत्र उचलते. हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत पालापाचोळा, शेणखत, ताग-धैंचा नसेल तर विरजण कशाला लावणार? पालेभाजीवर, विशेषतः कच्ची खाल्ली जाते त्या कोथिंबीर-मुळ्यावर, ताज्या शेणाचे पाणी शिंपडू नये. त्यातले रोगजंतू गिऱ्हाइकाच्या ताटात जातात.

आजारपण : लस चालते का, औषध चालते का?

हा सर्वांत महत्त्वाचा गैरसमज. सेंद्रिय शेती म्हणजे जनावराला इंजेक्शन द्यायचे नाही, असे समजून काहींनी लसही टाळली. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची साथ आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना दिली गेली. सेंद्रिय नियमांत लस टोचून घेण्यास मनाई नाही. लाळ्या-खुरकुताची लस २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा-सहा महिन्यांनी मोफत मिळते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसापूर्वी, मेअखेरपर्यंत टोचून घ्यावी. आपल्या चिखलाच्या गोठ्यात घटसर्प एका रात्रीत जनावर नेतो, तेव्हा झाडपाल्याला वेळच मिळत नाही.

औषधाचेही तसेच. किरकोळ अपचनाला, खरचटण्याला घरगुती उपाय करा. पण कास दगडासारखी झाली, ताप चढला, तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि ते प्रतिजैविक देतील तर द्या. सेंद्रिय नावासाठी मुक्या जनावराला तळमळत ठेवणे कोणत्याच नियमात सांगितलेले नाही. नियम एवढाच की लेबलावर दूध न वापरण्याची जी मुदत असेल तिच्या दुप्पट दिवस ते दूध सेंद्रिय म्हणून विकायचे नाही. लेबलावर तीन दिवस असतील तर सहा दिवस. तारीख, औषध, मात्रा वहीत लिहा. गोचीड-जंतांसाठी देतात ते आयव्हरमेक्टिन बरेचसे शेणातून बाहेर पडते आणि शेणकिड्यांना मारते. त्या दिवसांचे शेण वेगळे कुजवा, ताजे शेतात नको.

गोचीड अंडी जनावरावर घालत नाही, भिंतीच्या भेगांत आणि दावणीच्या फटीत घालते. म्हणून नुसते जनावर धुऊन भागत नाही. भेगा बुजवा, वर्षातून दोनदा चुना लावा. गोठ्यात चार कोंबड्या असतील तर त्याही गोचीड वेचतात.

आणि माणसांनीही जपावे. पावसाळ्यात जनावरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा आजार होतो. पायाला जखम असताना गोठ्याच्या चिखलात अनवाणी उतरू नये, गमबूट घालावेत. गाय गाभडली तर वार उघड्या हाताने काढू नये, आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

वासरू आणि पाडा

वासराला पहिल्या तासा-दोन तासांत चीक पाजा. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर. खरवसाची वाट पाहणारे घरात बरेच असतात, त्यांनी वासराचे पोट भरेपर्यंत थांबावे. रोगप्रतिकाराची शक्ती त्याला चिकातूनच मिळते.

पाडा झाला तर काय, हे मात्र गाय घेण्यापूर्वीच ठरवा. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. पॉवर टिलर आल्यापासून बैलाला मागणी कमी झाली. त्यामुळे पाड्याला पुढची बारा-पंधरा वर्षे पोसावे लागेल असे धरून वैरण मोजा. रस्त्यावर सोडून दिलेला पाडा दुसऱ्याचे भात खातो नाहीतर नालासोपारा स्टेशनच्या आसपास रुळावर जातो. दोन मार्ग आहेत. लिंगनिश्चित रेतमात्रा वापरली तर बहुतेक वेळा कालवडच होते, आपल्या दवाखान्यात उपलब्धता विचारा. किंवा पाडा ठेवाच आणि चिखलणीला, गाडीला कामाला लावा. त्याचे शेण-मूत्र आहेच, आणि एकरामागच्या एका जनावरात तोही मोजायचा.

तुळिंजच्या बंधूंना म्हणून आम्ही असे कळवले आहे. यंदा बांधावर शेवरी-गिरिपुष्प आणि चार गुंठे नेपियर लावा, एक नाडेप टाके भरा, राब निम्मा करा. पुढच्या दिवाळीला पेंढ्याची गंजी आणि चारा मोजून दोन-चार क्विंटल सुके गवत कुठून येईल ते ठरवा. तेवढे जमले तर एक गाभण, दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय घ्या. घेताना कानातील बारा आकडी बिल्ला, लसीची नोंद आणि चारही सडांचे दूध स्वतः पाहून घ्या. आजारपणात जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. चाऱ्याची ठोंबे आणि बियाणे याबद्दल डहाणूजवळच्या कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल. नेपियरची ठोंबे पहिला पाऊस स्थिरावला की लावावीत.